दोनशेची गोळी, सकाळ-संध्याकाळ

जुलै लागला की विक्रोळीतल्या माझ्या दवाखान्यात दिवसभर एकच फर्माईश असते, "डॉक्टर, मागच्या वेळची ती दोनशेची गोळी लिहून द्या ना, तिने ताप लगेच उतरतो." दोनशेची म्हणजे सेफिक्झिम नावाचं अँटिबायोटिक, 200 एमजी. नाव कोणाच्या लक्षात नसतं पण आकडा पाठ असतो, आणि सोबत सकाळ-संध्याकाळ पाच दिवस हेही पाठ असतं, म्हणजे प्रिस्क्रिप्शन पेशंट घरूनच घेऊन आलेला असतो, मी फक्त सही करायची. गणपती जवळ आले की हे अजून वाढतं, कारण मग "परवा कोकणकन्याचं रिझर्व्हेशन आहे, काहीतरी स्ट्राँग द्या" सुरू होतं. त्या सर्दी-तापाला खरं तर बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नसतं, तीन-चार दिवसांत तो आपला आपण उतरणार असतो, पण गोळी चालू असताना उतरला की सगळं क्रेडिट गोळीला.

माझं सेफिक्झिमशी काही वाकडं नाहीये हां. चांगलं औषध आहे, मी पण लिहितो. डोक्यात जातं ते त्या 'स्ट्राँग'चं वेड. अहो, एखादं अँटिबायोटिक एका जंतूवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही चालत, एवढा साधा मामला आहे, आणि चालत असलं तरी ते त्या माणसाच्या वजनाला, किडनीला, आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांना बसतंय का ते बघावं लागतं. ते न बघता लिहिलेली दोनशेची गोळी स्ट्राँग पण नाही आणि सेफ पण नाही, नुसते पैसे गेले.

या घराण्याचं नाव सेफॅलोस्पोरिन. तोंडाने घ्यायच्या औषधांत आपल्याकडे जास्त चालतात त्या म्हणजे सेफॅलेक्झिन आणि सेफॅड्रॉक्सिल (पहिली जनरेशन), सेफ्युरॉक्झिम (दुसरी), आणि सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, सेफडिनिर (तिसरी). आता जनरेशन म्हटलं की पेशंटलाच काय, नव्या नव्या डॉक्टरलाही वाटतं तिसरी म्हणजे पहिलीच्या वरची. तसं नाहीये. पुढच्या जनरेशनमध्ये टायफॉइड, लघवीचं इन्फेक्शन करणाऱ्या जंतूंवरची (यांना ग्रॅम निगेटिव्ह म्हणतात) पकड वाढली, पण त्या नादात सेफिक्झिमची स्टॅफवरची पकड जवळजवळ सुटलीच. आणि स्टॅफ, म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस, हाच तर गळू आणि कातडीवरच्या पुवाचा नेहमीचा मालक.

मागे एक रिक्षावाला आला, मांडीवर हे एवढं मोठं गळू, लालबुंद, सीटवर बसवत नव्हतं, आणि तीन-चार दिवस परस्पर मेडिकलमधून सेफिक्झिम घेऊन झालेलं. फरक शून्य. फरक पडणार तरी कसा, औषध त्या जंतूचं नव्हतंच. चीर देऊन पू काढला, खरं औषध गळवाला तेच, आजूबाजूला लाली पसरलेली होती म्हणून सेफॅलेक्झिन लिहिलं, आणि पू कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखायला पाठवला, कारण एमआरएसए, म्हणजे या गोळ्यांना दाद न देणारा स्टॅफ, निघाला तर सेफॅलेक्झिन पण फुकट. तो प्रिस्क्रिप्शन दाखवून परत आला, "डॉक्टर, ही तर त्याच्यापेक्षा स्वस्तातली निघाली." हो, स्वस्तातली आहे, जुनी आहे आणि इथे हीच लागू पडते. तिचा वांधा एकच, इन्फेक्शन बऱ्यापैकी असलं तर दिवसातून तीन-चार वेळा घ्यावी लागते, आणि शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला चार वेळा सांगितलं की तो दोनदाच घेणार हे धरून चालायचं. सेफिक्झिम एवढी खपते त्याचं अर्धं कारण मला वाटतं हेच आहे, दिवसातून एकदा चारशे किंवा दोनदा दोनशे, लोकलच्या टायमाला जमतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 ला अँटिबायोटिकचे तीन गट केले, ॲक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह. सेफॅलेक्झिन ॲक्सेसमध्ये, म्हणजे गरज असेल तिथे बिनधास्त वापरा, आणि सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, सेफ्युरॉक्झिम तिन्ही वॉचमध्ये, म्हणजे यांना लवकर दाद न देणारे जंतू तयार होतात, जपून. आपल्याकडे सेफिक्झिम आणि सेफपोडॉक्झिम शेड्यूल एच-वन या सरकारच्या कडक नियमांच्या औषध-यादीत आहेत, 1 मार्च 2014 पासून. पाकिटावर लाल चौकटीत ताकीद छापलेली असते ती याचीच. मेडिकलवाल्याने डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं असा नियम आहे. नियम आहे एवढंच म्हणतो मी, पुढचं मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको.

आता मुलांचा डोस, कारण खरी गडबड इथे आहे. आणि ती गडबड डॉक्टरच्या डोक्यात कमी होते, डॉक्टरचा कागद, मेडिकलचा काउंटर आणि घरचा ओटा या तिघांच्या मधे कुठेतरी जास्त होते.

सेफिक्झिम सहा महिन्यांच्या वरच्या मुलांना नेहमीच्या इन्फेक्शनला दिवसाला किलोमागे 8 एमजी, एकदम किंवा दोन भागांत. 12 किलोची मुलगी असेल तर दिवसाचे 96, एका वेळचे 48, आपण 50 धरतो. आता सिरप येतं दोन ताकदीत, 5 एमएलमध्ये 50 एमजीवालं आणि 5 एमएलमध्ये 100 एमजीवालं. पहिल्यातून या मुलीला 5 एमएल, दुसऱ्यातून अडीच. कागदावर जर नुसतं "सेफिक्झिम सिरप 5 एमएल सकाळ-संध्याकाळ" लिहिलं आणि मेडिकलमध्ये 50 चं संपलंय म्हणून त्याने भलेपणाने 100 चं दिलं, तर डोस सरळ डबल. उलटं झालं तर अर्धा, मग ताप उतरत नाही आणि आई म्हणते डॉक्टरचं औषध लागू पडलं नाही. आणि ते ड्रॉप्स, बाळांचे म्हणून हलके असं सगळ्यांना वाटतं, पण सेफिक्झिमच्या ड्रॉप्समध्ये 1 एमएलला 25 एमजी असतात, म्हणजे एमएलमागे बघितलं तर दोन्ही सिरपपेक्षा घट्ट. घरात मोठ्या भावाचं सिरप संपलं म्हणून धाकट्याचे ड्रॉप्स "तेवढेच चमचाभर" दिले की झालं कल्याण. म्हणून मी कागदावर आधी वजन लिहितो, मग एका वेळचे एमजी, मग कुठल्या ताकदीची बाटली, आणि सगळ्यात शेवटी एमएल. मेडिकलवाले माझ्या लांबलचक कागदाला हसतात, हसू देत.

वजन पण खरंखुरं हवं. "दोन वर्षांचा आहे" यावरून डोस ठरत नाही, दोन वर्षांचा मुलगा 9 किलोचा पण असतो आणि 14 चा पण, आणि शाळेतून थेट आलेला असला तर दप्तर आणि रेनकोट काढून काट्यावर उभा करायचा. दुसऱ्या टोकाला, आठवीतला धष्टपुष्ट 55 किलोचा मुलगा आला तर किलोमागे 8 करून 440 लिहायचे नाहीत, 400 ला थांबायचं, 50 किलोच्या आसपास पोचलं की मोठ्यांचाच डोस.

बाटलीचं पण नीट सांगतो, कारण हे कोणी सांगतच नाही. ड्राय सिरप म्हणजे तळाशी पावडर. आधी बाटली उलटी करून टकटक ठोकायची, पावडर तळाला गठ्ठा धरून बसलेली असते ती सुटी झाली पाहिजे. मग सोबत पाण्याची छोटी बाटली दिली असेल तर तीच, नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी, पण पहिल्या फटक्यात बाणाच्या खुणेपर्यंत भरायचं नाही, आधी थोडं ओतायचं, झाकण लावून जोरात हलवायचं, फेस येतो, तो बसेपर्यंत थांबायचं, मग पातळी खुणेच्या खाली गेलेली दिसते, तिथून पुन्हा खुणेपर्यंत. फेसालाच पाणी समजून खुणेवर थांबलं तर पाणी कमी पडतं आणि औषध घट्ट होतं, आणि खुणेच्या वर भरलं तर पातळ. गरम पाणी घालायचं नाही. झाल्यावर बाटलीवर पेनाने तारीख टाकायची. बनवलेलं सिरप कंपनीप्रमाणे सात ते चौदा दिवसच चालतं, फ्रिजमध्ये ठेवायचं की बाहेर ते लेबलवर असतं, तेच वाचायचं. आणि प्रत्येक वेळी द्यायच्या आधी हलवायचं, नाहीतर पहिल्या दिवशी साखरपाणी आणि शेवटच्या दिवशी सगळा गाळ.

मोजायला घरातला चमचा नको. कोणाचा चमचा 3 एमएलचा निघतो तर कोणाचा 7 चा. झाकणासारखी जी प्लास्टिकची वाटी येते तिच्यावर अडीच आणि पाचच्या रेघा असतात, ती सपाट जागी ठेवून डोळ्याच्या उंचीवर धरून बघायची, किंवा सरळ सुई नसलेली 5 एमएलची सिरिंज घ्या, काही रुपयांत मिळते आणि लहान बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडता पण येते. औषध दुधाच्या पूर्ण बाटलीत मिसळू नका, बाळाने अर्धं दूध टाकलं की किती डोस पोटात गेला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

टायफॉइडवर जरा थांबतो कारण सेफिक्झिमची खरी जागा तीच, आणि घोळ पण तिथेच. टायफॉइडला मुलांचा डोस दिवसाला किलोमागे 15 ते 20 एमजी, दोन भागांत, 10 ते 14 दिवस. म्हणजे 20 किलोच्या मुलाला साध्या इन्फेक्शनला दिवसाचे 160 आणि टायफॉइडला 300 ते 400. औषध तेच, मूल तेच, डोस जवळजवळ दुप्पट ते अडीचपट. आता मला सांगा, कागदावर कारणच लिहिलं नसेल तर मेडिकलवाल्याला किंवा पुढच्या डॉक्टरला कळणार कसं की हा डोस बरोबर आहे की चुकून जास्त पडलाय? जानेवारी 2024 ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना पत्र लिहून सांगितलं की अँटिबायोटिक लिहिताना कशासाठी ते पण लिहा. बऱ्याच जणांना ती सरकारी कटकट वाटली. मला विचाराल तर ते एक वाक्य डोसच्या चुका पकडायला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आणि टायफॉइड आहे हे ठरवायचं कशावरून, तर तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या विडालवरून, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी बघणाऱ्या तपासणीवरून, नक्कीच नाही. विडाल साधारण दुसऱ्या आठवड्यात बोलायला लागते, आणि आपल्यासारख्या शहरात जुन्या संपर्काच्या अँटिबॉडी आधीच रक्तात फिरत असतात, त्यामुळे "1:80 पॉझिटिव्ह" असा कागद घेऊन आलेल्या दर दुसऱ्या माणसाला टायफॉइड धरायचा तर अर्धं विक्रोळी ॲडमिट करावं लागेल. ब्लड कल्चर करा, आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जायच्या आधी करा. चार गोळ्या खाऊन आलेल्याचं कल्चर बऱ्याचदा निगेटिव्ह येतं आणि मग शेवटपर्यंत अंदाजपंचे. पावसाळ्यात मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी पण सोबत, मलेरियाची तर महापालिकेच्या दवाखान्यात फुकट होते. या दोन्हीला सेफिक्झिमचा काडीचा उपयोग नाही, आणि गुडघाभर पाण्यातून चालत आलेल्याचा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असेल तर त्याला सुरुवातीला डॉक्सीसायक्लिन लागतं, दोनशेची ही गोळी त्याचं औषध नव्हे. म्हणजे दोनशेची गोळी खात घरी पडून राहिलेले हे तिघेही तेवढे दिवस विनाऔषधाचेच असतात.

अजून एक. टायफॉइडमध्ये सेफिक्झिम बरोबर डोसमध्ये चालू केल्यावर पण ताप पाच-सात दिवस राहू शकतो. हळूहळू खाली येतो, संध्याकाळी थोडा चढतो, असं चालतं. हे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो, नाहीतर तिसऱ्या दिवशी आजी म्हणते औषध बदला, चौथ्या दिवशी दुसरा डॉक्टर, तो दुसरं अँटिबायोटिक लिहितो, सहाव्या दिवशी ताप उतरतो आणि त्याचं नाव होतं. पेशंट भूक धरतोय, जीभ सुधारतेय, चेहऱ्यावर तरतरी आहे ना, मग थांबा. पोटात जोराची कळ, पोट फुगणं, शौचातून रक्त, गुंगी, असं काही असेल तर मात्र थांबायचं नाही, हॉस्पिटल.

गंमत म्हणजे हे औषधांचं घराणंच टायफॉइड आणि सांडपाण्यातून निघालंय. 1945 ला इटलीच्या सार्डिनिया बेटावर कॅल्यारी शहरात ज्युसेप्पे ब्रोत्झू नावाच्या डॉक्टरला, गटाराचं पाणी समुद्राला मिळतं तिथे एक बुरशी सापडली जी टायफॉइडच्या जंतूला वाढू देत नव्हती. 1948 ला त्याने ते छापलं, पुढे ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी त्यातून सेफॅलोस्पोरिन सी वेगळं काढलं, आणि बाजारात पहिलं इंजेक्शन आलं 1964 ला.

म्हाताऱ्या माणसांकडे वळू. मुलगा आईचा रिपोर्ट घेऊन येतो, "क्रिएटिनिन 1.2, नॉर्मल आहे ना डॉक्टर?" लॅबच्या कागदावर ठळक होत नाही म्हणून नॉर्मल. आई 75 वर्षांची, वजन 45 किलो. आता 140 मधून वय वजा केलं तर 65, त्याला 45 ने गुणलं 2925, भागिले 72 गुणिले 1.2 म्हणजे 86.4, आलं साधारण 34, बाई आहे म्हणून गुणिले 0.85, म्हणजे जवळपास 29. किडनीची चाळणी मिनिटाला 29 एमएल, कागद म्हणतोय नॉर्मल. या मावशींना सेफपोडॉक्झिम सकाळ-संध्याकाळ लिहिलं तर ते साठत जाणार, कारण 30 च्या खाली ते दिवसातून एकदाच द्यायचं असतं. सेफिक्झिमचा पण डोस किडनीप्रमाणे कमी करावा लागतो, 20 च्या खाली तर निम्म्यावर, म्हणजे दिवसाचे 200. साठलं की काय होतं, तर माणूस गोंधळतो, बरळतो, झटके पण येऊ शकतात, आणि घरचे म्हणतात ताप डोक्यात गेला. हे गणित कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं आहे, साठीच्या पुढे प्रत्येकाचं करायचं. याच वयात हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेले, वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवायची गोळी घेणारे असतात, त्यांना अँटिबायोटिक चालू केलं की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, वाढू शकतो, म्हणून चार-पाच दिवसांत एकदा तपासायला सांगायचं. हिरड्यातून रक्त यायला लागल्यावर नाही, आधी.

पोटाच्या गोळीबद्दल मात्र मला खरंच बोलायचंय. मुंबईत अँटिबायोटिक आणि ॲसिडिटीची गोळी म्हणजे वडापाव आणि चटणी, एकाशिवाय दुसरं देतच नाहीत, डॉक्टर विसरला तर मेडिकलवाला आठवण करून देतो. पण सेफपोडॉक्झिम आणि सेफ्युरॉक्झिम या दोघांना पोटात ॲसिड लागतं नीट शोषून घ्यायला. पॅन्टोप्राझोल घेऊन किंवा अँटासिड पिऊन त्यावर सेफपोडॉक्झिम घेतलं की रक्तात ते कमी पोचतं, म्हणजे आपण डोस बरोबर लिहितो आणि शेजारच्या गोळीने तो आपणच कापतो. सेफपोडॉक्झिम आणि सेफ्युरॉक्झिम दोन्ही जेवणानंतर घ्यायचे, जेवणाने ते जास्त शोषले जातात, आणि पोटालाही बरं. सेफिक्झिमचं तसं नाही, जेवणाआधी-नंतर कधीही चालतं. सेफ्युरॉक्झिमची गोळी चुरून मधातून द्यायची आयडिया पण नको, ती इतकी कडू असते की मूल पुढच्या वेळी मध बघून पळेल, लहान मुलांसाठी सिरपच. सेफडिनिर असेल तर लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब, आणि लोह चालू असताना शौच लालसर दिसलं तर घाबरायचं नाही, बऱ्याचदा ते रक्त नसतं.

गटारीच्या आठवड्यात हमखास विचारतात, "डॉक्टर, कोर्स चालू आहे, थोडी चालेल का?" काही सेफॅलोस्पोरिनवर दारू घेतली की तोंड लाल, छातीत धडधड, उलट्या असा प्रकार होतो, सेफोपेराझोन हे इंजेक्शन त्यातलं, सेफिक्झिम नाही. पण ताप, त्यावर दिवसाच्या चार पॅरासिटामॉल आणि वर दारू, तुमच्या लिव्हरने काय वाकडं केलंय तुमचं?

ॲलर्जीचा प्रश्न "ॲलर्जी आहे का" असा विचारला की उत्तर नाही येतं. मी विचारतो, कुठल्या गोळीने किंवा इंजेक्शनने कधी अंगावर पित्त उठलं होतं का, ओठ सुजले होते का, श्वास लागला होता का, आणि गोळी घेतल्यावर किती वेळाने. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर सेफॅलोस्पोरिनची पण दहा टक्के असणार असं आम्हाला शिकवलेलं, तो आकडा जुना आहे, सुरुवातीच्या औषधांत पेनिसिलिनचे अंश मिसळलेले असायचे त्याचा त्यात हात होता. आता तो साधारण दोन टक्क्यांच्या आसपास धरतात, आणि तो ठरतो रेणूच्या बाजूच्या साखळीवर. ॲम्पिसिलिन आणि सेफॅलेक्झिनची साखळी सारखी, अमॉक्सिसिलिन आणि सेफॅड्रॉक्सिलची सारखी, म्हणून अमॉक्सिसिलिनने ज्याचा श्वास कोंडला त्याला या दोन्ही नकोत. सेफिक्झिम, सेफ्युरॉक्झिमची साखळी वेगळी आहे, तरी असा तीव्र प्रकार झालेल्याला पहिला डोस घरी घ्यायला मी देत नाही. आणि ज्याची कातडी सोलून निघाली होती, तोंड-डोळे फोडांनी भरले होते, त्याला या सगळ्या खानदानापासूनच लांब ठेवायचं. नुसते जुलाब झाले होते ही ॲलर्जी नव्हे, ते यातल्या कुठल्याही गोळीने होतात.

नावांचा एक सापळा सांगतो, नर्सेस आणि मेडिकलवर नवीन लागलेल्या पोरांसाठी. टॅक्झिम इंजेक्शन म्हणजे सेफोटॅक्झिम, पण टॅक्झिम-ओ गोळी म्हणजे सेफिक्झिम. मोनोसेफ इंजेक्शन म्हणजे सेफ्ट्रायॅक्झोन, पण मोनोसेफ-ओ गोळी म्हणजे सेफपोडॉक्झिम. म्हणजे हॉस्पिटलमधून सुटताना "तेच औषध आता गोळीत" असं जे सांगतात ते तेच नसतं, दुसरंच असतं, डोस पण दुसरा. शेपटीला डीटी असेल तर पाण्यात विरघळणारी, सीव्ही असेल तर अँटिबायोटिकला मदत करणारं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड सोबत, एलबी असेल तर लॅक्टोबॅसिलस हे पोटाला चांगले जंतू. आणि दोन अँटिबायोटिक एकाच गोळीत, त्यापासून जरा लांबच राहा, सप्टेंबर 2018 ला सरकारने 328 ठरावीक मिश्रणं बंद केली त्यात अशी बरीच होती.

लघवीच्या जळजळीला सेफिक्झिम ही अजून एक सवय. साध्या, ताप नसलेल्या जळजळीला बायकांमध्ये नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस हे आधी, किडनी ठीक असेल तर. इथल्या ई. कोलायने, म्हणजे या जळजळीच्या नेहमीच्या जंतूने, तिसऱ्या जनरेशनला कधीच अंगठा दाखवलाय, कल्चर न करता सेफिक्झिम लिहिणं म्हणजे नशीब आजमावणं.

डोस चुकला तर आठवल्याबरोबर घ्या, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडा, दोन एकदम नाही. मुलाने गोळी किंवा सिरप घेतल्या-घेतल्या पंधरा मिनिटांत सगळं उलटून टाकलं तर पुन्हा द्या, तासाने उलटी झाली तर नको. उरलेल्या गोळ्या गावच्या चुलतभावासाठी बॅगेत भरायच्या नाहीत, त्याचा ताप त्याचा आहे.

आणि गोळी घेतल्यावर अंगावर गांध्या उठून ओठ-जीभ सुजायला लागली, आवाज बसला, श्वास लागला, किंवा कोर्स चालू असताना अगर संपल्यावर काही दिवसांनी पाण्यासारखे जुलाब सुरू होऊन थांबेनात, रक्त पडायला लागलं, तर पुढचा डोस बंद. जुलाबाला स्वतःच्या मनाने थांबवायची गोळी घ्यायची नाही, मीठ-साखरेचं पाणी सुरू ठेवून त्याच दिवशी दाखवायचं. सूज आणि श्वासाला तेवढाही वेळ नसतो, रिक्षा मिळेल ती पकडायची, गोळ्यांचं पाकीट हातात घ्यायचं आणि थेट जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, वाटेत माझ्या दवाखान्यात नंबर लावायला उतरायचं नाही.